घरची गणिताची वही

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात जे राहून गेले, ते लिहून काढताना जागोजागी घातले आहे.)





गणितावर बोलायला गणिताचाच माणूस का बोलावला नाही, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. मी बी. ए. झालो तो इतिहास घेऊन. पुढे बी. एड. केले. गणिताचा तास माझ्याकडे आला तो शाळेत माणूस कमी होता म्हणून, आणि मग तो माझ्याकडेच राहिला. तेव्हा आज मी तज्ज्ञ म्हणून उभा नाही. घरात दोन मुले असलेला एक बाप आणि वर्गात पन्नास मुले असलेला एक मास्तर एवढ्याच नात्याने चार गोष्टी सांगणार आहे. त्यातली पहिली गोष्ट माझ्या फजितीची आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द होऊन मुले वरच्या वर्गात गेली. माझी मोठी मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती परीक्षा न देताच तिसरीत गेली आणि घरात मोठा आनंद झाला. त्या वर्षीचा रमजान टाळेबंदीत आला. एके संध्याकाळी तिला म्हटले, ‘बेटा, घरात आपण सहा माणसे. इफ्तारीला प्रत्येकाला तीन खजूर द्यायचे. डब्यातून किती काढशील?’ तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘अब्बा, बेरीज करू की गुणाकार?’

तिला तिनाचा पाढा येत नव्हता असे नव्हे. तीन सक्कं अठरा ती झोपेतही म्हणाली असती. पाढे पाठांतरात तिला दहापैकी दहा गुण होते आणि त्या गुणांखाली सही मीच केली होती. पण तो पाढा आणि समोरचा खजुराचा डबा यांचा काही संबंध आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिचा बाप शाळेत गणित शिकवतो, हे त्यात आणखी.

त्या रात्री एक पाठकोऱ्या कागदांची वही शिवली. तिच्यावर नाव घातले ‘हिसाबाची रोजची वही’. शाळेची वही वेगळी, ही वेगळी. नियम एकच ठेवला. रोज पंधरा मिनिटे, आणि त्या दिवशी घरात, दारात, स्वयंपाकघरात जिथे आकडा दिसला असेल त्याबद्दल लिहायचे. उत्तर लिहायचेच, पण ते कसे काढले तेही शब्दांत लिहायचे. शब्द सुचला नाही तर चित्र काढायचे.

परदेशात मुलाला घरीच शिकवणाऱ्या पालकांमध्ये अशा वहीची पद्धत बरीच रूढ आहे. आपल्याकडेही घरीच शिकवणारी कुटुंबे आहेत. मुंबईच्या मालविका जोशी हिचे उदाहरण वर्तमानपत्रांतून गाजले होते. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढले आणि त्यासाठी स्वतःची नोकरी सोडली. मुलगी घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एम. आय. टी. मध्ये प्रवेश मिळाला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आय. आय. टी. चे दार मात्र तिला बंद होते. मी काही तुम्हाला मुलांना शाळेतून काढा असे सांगायला आलो नाही. उलट ज्यांनी काढली असतील त्यांनी परत घाला, हे सांगायला मी दरवर्षी घरोघर फिरतो. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी नोकरी सोडून शिकवायला बसेल असे माणूस आहे? वडील चाकण नाहीतर तळेगाव एम. आय. डी. सी. मध्ये पाळीवर, आई शिलाईच्या मशीनवर. पण पंधरा मिनिटे निघतात. शाळा बंद होती तेव्हा दोन वर्षे आपण सारेच, इच्छा असो वा नसो, घरचे मास्तर झालो होतो. त्या दोन वर्षांतली एवढी एक गोष्ट ठेवून घेण्यासारखी आहे, असे माझे मत आहे.

आता फजितीचा दुसरा भाग. वहीच्या पहिल्या आठवड्यात मुलीने भरभरून लिहिले. कांद्यांचे ढीग, दादीच्या गोळ्यांच्या पट्टीतल्या रिकाम्या जागा, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या शिडीला किती पायऱ्या. घरी आम्ही जी बोली बोलतो तीच तिने देवनागरीत लिहिली होती, ‘मेरेकू ये समझा नै’ अशी. मी काय केले? लाल पेन काढले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. ‘मेरेकू’ खोडून ‘मला’ केले. जिथे बेरीज चुकली तिथे फुली मारली आणि शेवटी ‘ठीक’ असा शेरा लिहिला.

पुढचे नऊ दिवस वहीत काय होते ते वाचून दाखवतो. ‘आज मी बेरीज केली. मला बेरीज आवडते.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज मी वजाबाकी केली. मला वजाबाकी आवडते.’ नऊ दिवस हेच. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी खूश. पत्नीने मात्र ओळखले. ती म्हणाली, ‘ती आता तुमच्यासाठी लिहिते आहे.’ मी शाळेत रोज तीस-चाळीस वह्या तपासतो, पण मला ते दिसले नाही. तिचे शिक्षण माझ्यापेक्षा कमी, पण तिला दिसले.

लाल पेन मी त्या दिवसापासून त्या वहीपासून दूर ठेवले. पालकहो, तुम्ही वही सुरू करणार असाल तर एवढे एक पथ्य पाळा. शाळेची वही आम्ही तपासतो, ते आमचे काम आहे. घरच्या वहीत तुम्ही फक्त विचारायचे, ‘हे कसे काढलेस?’ चुकलेले असले तरी हेच विचारायचे आणि बरोबर असले तरी हेच. बहुतेक वेळा सांगता सांगता मूल स्वतःच थांबते आणि म्हणते, ‘नाही, थांबा.’ खोडरबर द्यायचा नाही. चुकीवर एक रेघ मारून खाली पुन्हा लिहायचे, म्हणजे महिन्याने मागचे पान उलटल्यावर आपण कुठे अडलो होतो ते मुलालाच दिसते.

शब्दांत गणित लिहायचे म्हटले की काही पालक हसतात. गणित म्हणजे आकडे, तिथे निबंध कशाला? त्यांना मी इतिहासाचा मास्तर म्हणून एक गोष्ट सांगतो. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांच्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’ या शब्दावरून साऱ्या जगाने बीजगणिताला नाव दिले. त्या ग्रंथात आजच्यासारखा ‘क्ष’ नाही, अधिक-उण्याची चिन्हे नाहीत. सगळे गणित वाक्यांत लिहिलेले आहे. एखाद्या राशीत अमुक मिळवले तर तमुक होते, तर ती राशी किती, असे. ग्रंथ लिहिण्याचे कारणही त्यांनी सांगून ठेवले आहे. लोकांना वारसाच्या वाटण्या कराव्या लागतात, व्यापार करावा लागतो, जमिनी मोजाव्या लागतात, कालवे खणावे लागतात, त्यासाठी. म्हणजे जे गणित पुढे इतके अवघड वाटू लागले, त्याची सुरुवात घरातल्या आणि बाजारातल्या कामातून आणि साध्या वाक्यांतून झाली. याच गृहस्थांनी भारतीय अंकांवरही एक पुस्तक लिहिले. ते लॅटिनमधून युरोपात गेले आणि त्यांच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘अल्गोरिदम’ हा शब्द झाला. 

याउलट रामानुजन यांचे पाहा. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणित करीत, कोपराने पुसत आणि वहीत फक्त शेवटचे उत्तर उतरवीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये त्या वह्या जशाच्या तशा छापल्या. ती उत्तरे कशी आली हे शोधण्यात नंतर मोठमोठ्या गणितज्ञांची वर्षानुवर्षे गेली. रामानुजनना ते शोभले. आपल्या मुलांनी कृती लिहिलेली बरी.

परंतु आपल्या मुलांना सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांचे आहे आणि त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदवीच्या पुढचे शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांशी खेळण्याचा मात्र विलक्षण नाद. विद्वान मंडळी त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नसत. पुढे मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. १९८६ मध्ये ते वारले.

त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत एक गंमत मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी करा. आलेल्या संख्येचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ ही संख्या येते आणि मग तीच येत राहते. विद्यार्थी मित्रांनो, घरी जाऊन २०२५ पासून सुरू करा. सहाव्या वजाबाकीला ६१७४ येईल. २०२५ ही संख्या आणखी एका कारणाने कापरेकरांची. तिचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. आणि ४५ चा वर्ग २०२५. ४५ सारख्या अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

तिसरी-चौथीच्या मुलाला चार अंक जड जातात. त्याने तीन अंकांपासून सुरुवात करावी. माझ्या मुलीने शेजारच्या रिक्षाच्या पाटीवरचा आकडा घेतला. अर्थातच ७८६. मोठी संख्या ८७६, लहान ६७८, वजाबाकी १९८. मग ९८१ वजा १८९, आले ७९२. मग ६९३, मग ५९४, मग ४९५. पुढे ४९५ हलेना. तिने दुसरा आकडा घेतला, तिसरा घेतला. दोन आठवड्यांत त्या वहीत साठाहून अधिक वजाबाक्या झाल्या आणि प्रत्येकीत हातचा घ्यावा लागणारा होता. हातच्याच्या वजाबाकीला ही मुलगी रडत असे, हे मी तुम्हाला सांगायला हवे. शाळेत आम्ही दहा उदाहरणे दिली की मुले कंटाळतात.

मग एके दिवशी वहीत एक वाक्य आले. ‘बीचमे हमेशा ९ आताय. कायकू?’ मी पाने उलटून पाहिली. १९८, ७९२, ६९३, ५९४, ४९५. खरेच, मधला अंक नेहमी नऊ. मला ते माहीत नव्हते. मास्तर असून माहीत नव्हते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आम्ही दोघे दोन संध्याकाळ बसलो. कारण अगदी साधे निघाले. वरची संख्या आणि खालची संख्या यांत मधला अंक एकच असतो. एककाच्या घरात वरचा अंक लहान, म्हणून दशकाकडून एक उसना घ्यावा लागतो. आता दशकाच्या घरात वरचा अंक खालच्यापेक्षा एकाने कमी पडला, म्हणून शतकाकडून दहा घ्यायचे. दहातला तो एक कमी गेला, उरले नऊ. तिने ते आपल्या भाषेत पान भरून लिहिले, मधे घरांची चित्रे काढली, एक घर दुसऱ्या घराकडे साखर उसनी मागते आहे अशी. हातचा म्हणजे काय हे मी तिला वर्षभर सांगत होतो. ते तिला कळले त्या दिवशी.

आता माझ्या वर्गातल्या एका मुलाचे सांगतो. पाचवीत होता. वडिलांची फळांची हातगाडी. टाळेबंदी उठल्यावर गाडीवर माणूस हवा म्हणून मुलगा उभा राहू लागला आणि शाळा उघडल्यावर आलाच नाही. मी गाडीवर गेलो. माझ्यासमोर त्याने गिऱ्हाइकाला पाऊण किलो सफरचंदे आणि अर्धा डझन केळी यांचा हिशेब सांगून पाचशेच्या नोटेतले पैसे परत दिले, कागदाशिवाय. त्याच मुलाला मी कागदावर १६० × ३/४ लिहून दिले तर तो म्हणाला, ‘सर, हे मला येत नाही.’ मी म्हटले, ‘तू आत्ताच केलेस.’ त्याला वाटले मी चेष्टा करतो.

हा एकट्या त्याचा दोष नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात आला. तिथेही हेच दिसले. बाजारात अवघड हिशेब झटक्यात करणारी मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडतात. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न केलेली मुले कागदावर ठीक करतात पण बाजाराच्या हिशेबात अडखळतात. दोन्हीकडचे गणित एकच, पण मधे पूल नाही. त्या मुलाला मी एक वही दिली आणि सांगितले, दिवसातले एक गिऱ्हाईक तिच्यात लिही. काय घेतले, तू मनात कसे केलेस, पायरी पायरीने. त्याने लिहिले, ‘पावशेर ४०. अर्धा ८०. दोन्ही मिळून १२०.’ मी त्याच्याखाली ३/४ ची मांडणी लिहिली. मी एवढेच केले. बाकीचा अर्धा तास वडिलांशी बोलण्यात गेला, आणि नंतरचे कितीतरी अर्धे तास. मुलगा सहा महिन्यांनी वर्गात आला. दहावीला गणितात त्याला ४१ गुण पडले. लोक म्हणतील ४१ म्हणजे काय मोठेसे. मला ते पुरेसे वाटले, आणि त्याच्या वडिलांनी त्या दिवशी गाडीवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना निकाल सांगितला.

मघाशी पावशेर म्हटले त्यावरून आठवले. आपल्या वाडवडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असे. ते अपूर्णांकांचे पाढेच होते. आता ते कोणी पाठ करत नाही आणि पाठ करावेत असा माझा आग्रहही नाही. पण घरात आजी-आजोबा असतील तर मुलाला त्यांच्याकडे वही घेऊन पाठवा. सात पाऊण किती, विचारा. आजोबा चटकन सव्वापाच म्हणतील. कसे काढले ते आजोबांनाही सांगता येणार नाही. मग नातवाने शोधायचे.

आकड्यांच्या नावांचा घोळ आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त होतो, याकडे पालकांनी लक्ष द्यावे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत दिली होती. केवढी चेष्टा झाली, प्रकरण विधिमंडळापर्यंत गाजले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मूल ऐकते आधी एकक आणि लिहिते आधी दशक, त्यात गोंधळते, जोडाक्षरे तर वेगळीच. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांचे सगळे पटो न पटो, अडचण खरी होती, आणि आपल्या घरी तर ती दुहेरी. घरी ‘उन्नासी’ म्हणजे ७९ आणि ‘नवासी’ म्हणजे ८९. शाळेत एकोणऐंशी आणि एकोणनव्वद. एका चौथीतल्या मुलीने वहीत दोन्ही भाषांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि खाली टीप दिली की मराठीत ८९ ला ‘एक कमी नव्वद’ म्हणतात, तर ९९ ला ‘एक कमी शंभर’ का म्हणत नाहीत, नव्याण्णव का? मराठीच्या बाईंनाही उत्तर देता आले नाही. मुले वही कोणत्या भाषेत लिहितात याची फिकीर करू नका.

काय लिहायचे, विषय कुठून आणायचे, असे पालक विचारतात. तळेगावात राहून विषय कमी पडावेत हे नवल आहे. एका घरी मी विचारले, लोकलने तळेगावहून चिंचवडला जाताना किती स्टेशने? मुलगा म्हणाला सहा, बाप म्हणाला पाच, आई म्हणाली चार. भांडण जुंपले. वहीत नावे लिहिली. तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड. दोन्ही टोके धरली तर सहा, गाडीत बसल्यावर थांबे पाच, मधली चार. तिघेही बरोबर होते. प्रश्नच नीट विचारलेला नव्हता, म्हणजे चूक माझी.

आपल्या गावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, हे मुलांना माहीत असावे. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांची कल्पना अशी की माणशी फक्त एक पैसा मागायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्यांनी ती उचलून धरली. आमच्या सहावीच्या मुलांनी वहीत हिशेब केला. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला चौसष्ठ माणसे. हजार रुपयांना चौसष्ठ हजार माणसे. रोज दोनशे जणांपुढे हात पसरला आणि कोणी नाही म्हटले नाही, तरी तीनशे वीस दिवस. मी इतिहास शिकवताना ‘लोकवर्गणीतून’ असा एक शब्द सांगून पुढे जात असे. एका मुलाने खाली लिहिले होते, ‘आणि काही लोक नाही म्हणालेच असतील.’ १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हा तीच वर्गणी आज किती माणसांची, हे त्यांनी पुढच्या पानावर केले.

रमजानचे वेळापत्रक प्रत्येक घराच्या भिंतीवर असते. तेही गणिताचे पुस्तक आहे. माझ्या मुलीने त्या २०२० च्या रमजानात लिहिले होते की इफ्तारीची वेळ रोज वाढत नाही, दोन-तीन दिवस तीच राहते, मग एक मिनिट पुढे जाते. आणि मुंबईच्या खालाकडे रोजा आपल्यानंतर तीन-चार मिनिटांनी सुटतो. का? पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. तळेगाव मुंबईच्या पूर्वेला पाऊण अंशाहून थोडे अधिक. चाराचे पाऊण तीन. खालाला फोन करून तिने हे सांगितले, तेव्हा खालाने विचारले, ‘मग दुबईचे सांग.’ ते अजून वहीत आहे.

ज्या मातांना लिहिता-वाचता येत नाही, त्या मला हळूच सांगतात की सर, आम्हाला यातले काय कळणार. बहिणींनो, या वहीसाठी वाचता येण्याची गरज नाही. मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि ऐका. तुम्हाला कळले नाही तर ‘कळले नाही, पुन्हा सांग’ म्हणा. आमच्यासारख्या शिकलेल्यांना हे वाक्य म्हणता येत नाही, आम्ही लगेच उत्तर सांगून मोकळे होतो. तुम्ही कापड बेतताना दोन मीटरमधून सलवार-कमीज कसे काढता, तुकडा वाया कसा जात नाही, हे मुलाला वहीत काढायला सांगा. आणि जे वडील फिटर, टर्नर आहेत, त्यांनी सुट्टीच्या दिवशी व्हर्निअर कसा वाचतात ते दाखवावे. एका मुलाने वडिलांच्या तीन पाळ्यांचा तक्ता करून ईदच्या दिवशी अब्बांची रात्रपाळी येते हे तीन आठवडे आधी सांगितले. वडिलांनी पाळी बदलून घेतली.

या वहीने शिष्यवृत्ती परीक्षेत गुण वाढतील का, असे विचाराल तर मी वचन देणार नाही. तिथे पर्यायाचा गोल काळा करायचा असतो, कसे काढले ते कोणी विचारत नाही. मोबाईलमध्ये उदाहरणाचा फोटो काढला की उत्तर समोर येते, हेही मला ठाऊक आहे. माझ्या वर्गातली मुले ते करतात. ज्याच्याकडे घरची वही आहे तो मुलगाही करतो, पण तो नंतर मला येऊन विचारतो की मधली तिसरी ओळ कुठून आली.

सगळ्यांचे चालते असे नाही. माझा धाकटा आता तिसरीत आहे. त्याने वही तीन दिवस लिहिली आणि चौथ्या दिवशी तिचे विमान केले. त्याच्याशी मी लेखी काही करत नाही. रात्री झोपताना तो सांगतो आणि मी लिहून घेतो. काही मुलांना हाताने लिहिणे जड जाते, त्यांच्यासाठी हाही मार्ग आहे. रोज जमले नाही तर आठवड्यातून तीनदा करा. पाच पाने भरण्याची शिक्षा म्हणून ही वही कधी देऊ नका.

बाहेर व्हरांड्यातल्या टेबलावर मुलांच्या पंचवीस वह्या ठेवल्या आहेत. मुलांची परवानगी घेतली आहे, दोघांनी नाही म्हटले, त्यांच्या ठेवलेल्या नाहीत. चहा होईपर्यंत त्या जरूर चाळा. कोणाची वही आहे ते शोधू नका आणि कृपा करून कोणी पेन काढून सुधारणा करू नये. कोऱ्या वह्याही एका बाजूला आहेत, पाठकोऱ्या कागदांच्या, आठवीच्या मुलांनी शिवलेल्या. ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात, पैसे नाहीत. तपासायला नव्हे, पण वाचायला मला दर शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर वेळ असतो.